आजीला जागं करू नये

२०१८ च्या ऑक्टोबरात नवरात्र चालू होतं. रात्रीचा खेळ सुटला तेव्हा नागपूर जागंच होतं. कोराडीच्या देवीला पायी निघालेल्या लोकांचे जथे रस्त्यावर होते, चहा-फराळाचे मंडप लागले होते, स्पीकरवर देवीची गाणी वाजत होती. एवढ्या उजेडात आणि एवढ्या गर्दीत माझा एक मित्र आपल्या स्कूटरला किल्ली न लावता नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "घरापर्यंत सोबत चाल ना बे."

हा माणूस शाळेत असल्यापासून भुताचे सिनेमे बघतो. रामसे बंधूंपासून जपान-कोरियापर्यंत त्याने काही सोडलेलं नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' बघताना समोसा खाल्ला होता, हे तो अजूनही मिरवतो. त्या रात्री तो ज्या सिनेमातून बाहेर पडला होता त्याचं नाव 'तुंबाड'. पडद्यावर त्याने याहून विद्रूप चेहरे पाहिले होते, याहून जास्त रक्त पाहिलं होतं. मग त्याचं नेमकं काय बिघडलं?

मराठीत घाबरण्याला पुष्कळ शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. माणूस दचकतो, भेदरतो, चरकतो, धास्तावतो, एखाद्या गोष्टीचा धसका घेतो. कुकरची शिट्टी झाली की आपण दचकतो, पण कुकरचा धसका कोणी घेत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीची धास्ती असते, तेव्हा दचकण्यासारखं काही घडलेलंच नसतं. भयपट काढणाऱ्याच्या हाताशी हे सगळे प्रकार असतात. बहुतेक जण त्यांतला सर्वांत स्वस्त प्रकार उचलतात, तो दचकवण्याचा.

दचकणं शरीराचं काम आहे, मनाचं नाही. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पापणी मिटायला लागते. खांदे वर जातात, मान आखडते, आणि आवाज कशाचा होता हे त्यानंतर कळतं. सिनेमावाल्यांना ही खोड फार पूर्वी सापडली. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्याने चालली आहे. मागे पावलं वाजतात, थांबतात. ती घाबरून वळते आणि त्याच क्षणी कानाशी फिस्कारल्यासारखा आवाज होतो. तो असतो थांब्यावर येऊन उभ्या राहिलेल्या बसचा. निर्माता वॅल लूटन याच्या नावावरून या युक्तीला सिनेमाच्या धंद्यात 'लूटनची बस' म्हणू लागले. आज जिथे तिथे दार उघडताना मांजर अंगावर उडी मारते, ती त्याच बसची नात.

पण शरीराची ही क्रिया लवकर कंटाळते. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला की जीव दचकतो, विसाव्याला आपण फराळाच्या ताटावरून मानही वर करत नाही. शंभर भयपट बघितलेल्या माणसाचं तसंच होतं. शिवाय तो व्याकरण शिकलेला असतो. पार्श्वसंगीत अचानक थांबलं, कॅमेरा रिकाम्या दारावर जरा जास्तच रेंगाळला, नायिकेने बाथरूममधलं आरशाचं कपाट उघडलं की हा पॉपकॉर्नमधला हात बाहेर काढतो आणि मनात मोजायला लागतो. एक, दोन, आता. बरोबर त्याच वेळी पडद्यावर हात येतो. घाबरण्याऐवजी त्याला उत्तर बरोबर आल्याचं समाधान मिळतं.

याहून मोठी गोष्ट त्याला पाठ झालेली असते, ती म्हणजे शेवट. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, कारण आपण ते दरवर्षी रस्त्यावर बघतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. दोन-तीन माणसं उंचीच्या त्या बाया, वटारलेले डोळे, सोबत बडग्यांचे पुतळे. इतवारीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. रोगराई, संकटं, गावावरची सगळी पीडा घेऊन जा, असं लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि शेवटी मारबत जाळली जाते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ते डोळे बघताना भीती वाटायची, पण रडू यायचं नाही. संध्याकाळपर्यंत तिची राख होणार हे आम्हा पोरांना माहीत होतं.

रामसे बंधूंचे सिनेमे मारबतीसारखेच होते. तळघरातला सैतान, जुनी हवेली, एखादा शाप, आणि शेवटच्या रिळात त्रिशूळ किंवा आग. भीतीला एक तोंड द्यायचं, ते तोंड मिरवायचं आणि जाळायचं. रामसेंची टिंगल करायची हल्ली फॅशन आहे. मी करणार नाही. त्यांनी प्रेक्षकाशी केलेला करार कधी मोडला नाही. तो करार अंगात मुरलेला माणूस भयपटाला निर्धास्त जातो. सगळा घोटाळा होतो तो कोणी हा करार मोडला की.

आता जरा जंगलात जाऊ. 'तुंबाड'चं बी नागपूरपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर पडलं आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकीकत अशी : १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. (गोंदिया जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, नागझिरा भंडारा जिल्ह्यात होतं.) गोष्ट ऐकून हा मुलगा इतका घाबरला की ती पुढे पंचवीस वर्षं त्याच्या डोक्यातून गेली नाही. अठराव्या वर्षी, १९९७ मध्ये, त्याने पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांचं चित्रांकित आराखड्याचं बाड तयार केलं. निर्माते आले आणि गेले. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केलं, ते २०१५ मध्ये संपलं. नागझिऱ्यात ही गोष्ट सांगितली गेली त्याच १९९३ साली सगळा महाराष्ट्र टॉकीजमध्ये 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूला बघून पोट धरून हसत होता, हा आपला एक योगायोग.

गोष्ट जंगलात सांगितली गेली याला महत्त्व आहे. ज्याने विदर्भातल्या जंगलात रात्र काढली आहे त्याला 'कॉल' म्हणजे काय ते माहीत असतं. वाघ-बिबट्या हलला की चितळ, सांबर, वानर ओरडतात, आणि गाइड बोट वर करून सगळ्यांना गप्प करतो. तो आवाज गोड नसतो. फाटका असतो, चिरकतो, मधेच तुटतो. डॅनियल ब्लमस्टीन नावाचे कॅलिफोर्नियातले एक प्राणिशास्त्रज्ञ आहेत. मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या किंकाळ्यांचा अभ्यास करता करता त्यांनी सहकाऱ्यांसह १०२ सिनेमांचे ध्वनिपट्टे तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. भयपटांत असेच कर्कश, फाटके आवाज जास्त आढळले. म्हणजे संगीतकार व्हायोलिनवर गज ओरबाडतो तेव्हा तो जिवाच्या आकांताने ओरडणाऱ्या प्राण्याची नक्कल करत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो. या आवाजाला सरावणं अवघड, कारण त्याला दाद देणारी यंत्रणा सिनेमापेक्षा फार जुनी आहे. पण कॉलहून वाईट काय असतं हे कोणत्याही जुन्या गाइडला विचारा. कॉल चालू असतात आणि एकदम बंद होतात, ते.

धारपांची ती कथा 'आजी'. ती स्टीफन किंग यांच्या 'ग्रामा' या कथेवर बेतलेली. किंगच्या कथेत एक मुलगा घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत एकटा असतो, बस एवढंच. धारपांच्या वाचकांना 'समर्थ' ठाऊक आहेत, संकट हाताबाहेर गेलं की येऊन सोडवणारे. ते आले की वाचक सैल होऊन उशीला टेकायचा. 'तुंबाड'मध्ये समर्थ येत नाहीत.

सिनेमाचा पहिला भाग १९१८ मधला. गावाबाहेरचं एकलकोंडं घर, न थांबणारा पाऊस, एक विधवा आई आणि तिची दोन मुलं. आतल्या खोलीत एक म्हातारी साखळदंडांनी जखडून ठेवलेली. तिला खाऊ घालायचं ते झोपेत असतानाच. ती जागी झाली तर एक नाव घ्यायचं, हस्तर या शापित देवाचं, की ती पुन्हा झोपते. एका रात्री धाकटा मुलगा जबर जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते आणि म्हातारीला भरवायचं काम थोरल्यावर, विनायकवर, येतं.

एवढाच प्रसंग. पण तो कसा रचला आहे ते बघा. पोराच्या हातात तलवार नाही, जेवण आहे. काम काय, तर आजीला भरवणं. हे काम आपल्यापैकी कित्येकांनी केलं आहे. वाड्यातली मागची खोली, औषधाचा आणि ओल्या गोधडीचा वास, शेजारून येणारं कण्हणं, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक, "जा रे, आजीला भात नेऊन दे." पोराला त्या खोलीत जायची भीती वाटते. आजीचा बोळका जबडा, तिने मनगट धरलं की न सुटणारे हात. आणि या भीतीची त्याला लाज वाटते, कारण आजीला भ्यायचं नसतं. म्हणून तो कोणाला सांगत नाही. सांगितलीच नाही, म्हणून त्या भीतीची कधी मारबत झाली नाही, ती कधी जाळली गेली नाही. चाळीस वर्षांनी टॉकीजच्या अंधारात कोणीतरी त्या खोलीचं दार ढकलतं.

माझ्या मते मित्राच्या त्या रात्रीचं अर्धंअधिक उत्तर इथे आहे. सराईत प्रेक्षकाने रक्तपिपासू, सैतान, झपाटलेल्या बाहुल्या यांची तालीम केलेली असते. स्वतःच्या घरातल्या भीतीची तालीम कोणी करत नाही. फ्रॉइडने १९१९ मध्ये याच गोष्टीवर निबंध लिहिला होता. त्याने धरलेल्या जर्मन शब्दाच्या पोटात 'घर' हा शब्द आहे. घरचं असून परकं झालेलं, असा त्याचा अर्थ आपल्याकडे सांगता येईल.

म्हातारीचं शरीर हा आणखी एक डाव. ही भूमिका एखाद्या वयस्कर नटीने केलेली नाही. जाड मेकअपच्या आत मोहम्मद समद हा मुलगा आहे, तोच पुढे विनायकच्या पोराचं, पांडुरंगचं काम करतो. बघताना हे कोणाला कळत नाही, पण काहीतरी जुळत नाही हे डोळ्याला कळतं. त्वचा शंभरीची, चणीत मात्र वेगळंच काहीतरी. जपानी 'रिंग'मध्ये (१९९८) सादाको विहिरीतून येते ती चाल अशीच. नटीला मागे-मागे चालायला लावलं आणि चित्रफीत उलटी फिरवली. पावलं पुढे पडतात, पण माणूस असा चालत नाही. राक्षस दिसला तर मेंदू त्याला राक्षसाच्या खणात टाकून मोकळा होतो. माणूस की दुसरं काही हे ठरेना, की तो बिचारा ताटकळत राहतो.

त्यात किळस मिसळा. भीती आणि किळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे की सरावाने भीती जितकी उतरते तितकी किळस उतरत नाही. कुत्र्याला भिणारं पोर महिनाभरात त्याच्याशी खेळू लागतं; दुधात एकदा झुरळ सापडलं की तो पेला वर्षभर नकोसा होतो. विनायक मोठेपणी परततो तेव्हा म्हातारी मेलेली नसते, तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं, आणि ती बोलते. मळमळतं आणि त्याच वेळी दयाही येते. नुसती किळस आली असती तर मान फिरवता आली असती. दया मान फिरवू देत नाही.

पाऊस तर विचारूच नका. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या नागपूरकराला पाऊस म्हणजे सुटका. इथे तो तीन पिढ्या थांबत नाही. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला, तसंच सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला आणि ध्वनिआरेखनाला फिल्मफेअर मिळालं, ते उगाच नाही. दचकवणाऱ्या जागा यात बोटांवर मोजण्याइतक्या. सगळी गुंतवणूक ओलीत आणि अंधारात केलेली आहे. ज्याला सवय एक-दोन-आता मोजायची, त्याला मोजायला काही मिळतच नाही.

करार मोडायचे आणखीही मार्ग आहेत. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (महाराष्ट्रात २०१७ मध्ये प्रदर्शित, हिंदीत 'छोरी') भर दुपारी भीती वाटते. चहूबाजूंनी ऊस, मधे एक घर, त्यात आसऱ्याला आलेली पोटुशी नेहा आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई. पूजा सावंत आणि उषा नाईक. आमच्या भागात कापूस आणि धान, उसाच्या फडात वाट चुकण्याचा अनुभव तसा कमी. पण रानात चकवा लागतो म्हणजे काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. तीच वाट, तीच झाडं, आणि पुन्हा तिथेच. तरी या सिनेमातला खरा चकवा म्हणजे तुळसाबाईचा लळा. ती खायला घालते, डोक्याला तेल लावते, बाळंतपणाचं सांगते, आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. मुलींचे गर्भ मारणं हा या गोष्टीतला गुन्हा. सिनेमा संपला की भूत संपतं, पण हा गुन्हा पडद्याच्या अलीकडचा आहे. टॉकीजमधून बाहेर पडून माणूस त्याच जगात येतो.

हिचकॉकने 'सायको'त (१९६०) नायिका मध्यावरच मारली, तेव्हापासून कोणीही सुरक्षित नाही हे सराईताला माहीत आहे. तरी अॅरी अॅस्टरच्या 'हेरेडिटरी'ने (२०१८) जुन्या खोडांनाही गारद केलं. मुलगा गाडी चालवतो आहे, अपघातात बहीण जाते. यानंतर किंकाळी हवी, रुग्णवाहिका हवी. काहीच होत नाही. तो गाडी घरी आणतो, खोलीत जाऊन पडतो. सकाळ होते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच, आणि बाहेर गाडीपाशी गेलेल्या आईचा हंबरडा नुसता ऐकू येतो. या प्रसंगात भूत नाही. हे दुःख आहे, आणि दुःखाला कोणी सरावलेलं नसतं.

उरला शेवट. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात एक गोष्ट मांडली. छाती धडधडायला लागली की ती लगेच शांत होत नाही. आणि त्या उरलेल्या धडधडीवर जी पुढची भावना येते तीही मोठी होऊन येते. भूत मेलं, नायिका वाचली, की सुटकेचा आनंद दुप्पट. म्हणून भयपटातून लोक हसत, एकमेकांना ढुसण्या देत बाहेर पडतात. पण पुढची भावना सुटकेची नसेलच तर? मग तीच धडधड खिन्नतेला जाऊन चिकटते. 'तुंबाड'मध्ये आग नाही असं नाही. पहिल्यांदा म्हातारी जळते, शेवटी विनायक. हस्तर मात्र जळत नाही. या दोन्ही वेळा घरातलं माणूस जळतं, घरातल्याच माणसाच्या हातून. पहिलं मारणं सौदा म्हणून, दुसरं पोटच्या पोराने नाइलाजाने केलेलं. मारबत जाळायला निघालेल्या गर्दीने जवळ जाऊन बघावं तर चेहरा ओळखीचा.

म्हणूनच नवख्यापेक्षा सराईत जास्त हादरतो, असं मला वाटतं. नवखा प्रेक्षक बोटांच्या फटीतून बघतो, अर्धा सिनेमा त्याने पाहिलेलाच नसतो. सराईत डोळे ताणून, एक चौकट न सोडता बघतो. त्याने पुढच्या दाराला कुलूप घातलेलं असतं, आणि सिनेमा न्हाणीघराच्या मोरीतून आत येतो. डेन्मार्कच्या ऑर्‍हूस विद्यापीठात मथियास क्लासेन आणि त्यांचे सहकारी गमतीच्या भीतीचा अभ्यास करतात. भीतीच्या जत्रेत जाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजून २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की फार कमी भीतीत मजा नाही आणि फार जास्तीतही नाही. मजा मधल्या पट्ट्यात. सराईताचा हा पट्टा वर सरकलेला असतो. तो अशाच सिनेमाच्या शोधात असतो जो पट्ट्याच्या काठावर नेईल, आणि कधीतरी पाय घसरतो.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी 'तुंबाड' पुन्हा टॉकीजमध्ये लागला. मारबत होऊन दहा-बारा दिवस झाले होते. पहिल्या वेळेपेक्षा या वेळी सिनेमाने जास्त गल्ला जमवला. माझ्या मित्राने दोन तिकिटं काढली, एक मला न विचारता माझ्यासाठी. दुपारच्या खेळाची, कडेच्या खुर्च्यांची. तुम्ही अजून पाहिला नसेल तर तुम्हीही दुपारचाच खेळ धरा.